स्टँडवरचं हसू

“आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. पैज! ज्याला जिथं खोटं सापडेल त्यानं तिथंच उभं राहून मोठ्यानं ‘खोटं!’ म्हणायचं. गोष्ट तिथल्या तिथं बंद. मी खाली उतरणार, हार परत करणार आणि मुकाट घरी जाणार.”

उल्हास कोपर्डेकरांच्या प्रत्येक कथाकथनाची सुरुवात अशी. गणपतीचा मांडव असो, व्याख्यानमाला असो की एखाद्या पतसंस्थेचा वर्धापनदिन, हे पहिलं वाक्य बदललं नाही आणि उभं राहायची छाती कुणाची झाली नाही. एकदा आटपाडीला एक गृहस्थ ऐन गोष्टीत ताडकन उठले. मांडव श्वास रोखून बसला. ते चप्पल शोधत होते.

आता खोटं तर उल्हासराव बोलायचेच, तेही मनापासून. आटपाडीच्याच एका म्हशीची गोष्ट ते सांगत. रेडिओवर बजेट ऐकलं की ती तीन दिवस पान्हा चोरायची, आणि विरोधी पक्षाचं भाषण लागलं की आपण होऊन बादलीपाशी येऊन उभी राहायची. म्हशीचा मालक पुढं पंचायत समितीवर निवडून आला, असंही ते शपथेवर सांगत. लोकांना खोटं चालतं, फक्त ते सांगताना माणसानं अंग चोरायला नको, असं त्यांचं म्हणणं.

पण सगळ्यांत गाजलेली गोष्ट म्हणजे ‘शिट्टी’. रुसलेली बायको वैजू घर सोडून निघते. दागिने नाहीत, साड्या नाहीत, फक्त कुकरची शिट्टी पर्समध्ये टाकते, म्हणजे नवऱ्यानं वरण कसं शिजवायचं ते शिजवावं. नवरा धावत एसटी स्टँडवर येतो. गाडी सुटायला आलेली. तो खिडकीखाली उभा राहून ओरडतो, “वैजू, शिट्टी!” आणि नेमका त्याच क्षणी गाडी मागं घेणारा कंडक्टर फुर्रर्र करून शिट्टी मारतो. गाडीतल्या म्हातारीच्या मांडीवरची कोंबडी उडते, म्हातारी कोंबडीमागं, कंडक्टर म्हातारीमागं. इथं सभागृह कोसळायचं. हसून हसून माणसं खुर्च्यांवरून घसरायची.

यातली वैजू खरी होती. वैजयंती. तिचं उल्हासरावांशी लग्न झालं होतं, आणि चौथ्या वर्षी ती खरोखरच विट्याच्या स्टँडवरून गडहिंग्लजच्या गाडीत बसून गेली होती. ती परत आली नाही.

का गेली, तर त्यात कोंबडी नव्हती. घरात काही झालं, की आठवड्याभरात ते माईकवर यायचं. तिचं घोरणं आलं, तिनं खारवलेल्या मिरच्या आल्या, तिच्या आत्याचं दुसरं लग्न आलं. भांडण ऐन रंगात यायचं आणि उल्हासरावांच्या डोळ्यांत एक चमक दिसायची. ती काही जिव्हारी लागणारं बोलली, की ते रागवायच्या आधी ओठ हलवून ते वाक्य पाठ करायचे. मग ती थांबायची आणि विचारायची, “हे कुठं सांगणार? तासगावला?”

एकदा तासगावला खरंच सांगितलं. तिच्या वडिलांना कंपवात होता. जावयाच्या घरी चहा पिताना त्यांच्या हातातल्या बशीचा कसा तबला वाजतो, ते उल्हासरावांनी माईकसमोर बशी धरून करून दाखवलं. सासरे पहिल्या रांगेत होते. जावयाचा कार्यक्रम म्हणून मुद्दाम बसनं आले होते. सभागृह हसलं तेव्हा तेही हसले, आणि टाळ्या वाजवायला लागले. ते हात काही केल्या एकमेकांवर नीट बसेनात.

त्यानंतर काही दिवसांनी वैजयंती गेली.

*

ही सगळी जुनी गोष्ट. आता उल्हासरावांनी सत्तरी ओलांडली होती आणि ‘शिट्टी’चा जीव जायला आला होता. गावोगावच्या स्टँडवर आता बिनड्रायव्हरच्या गाड्या येऊन आवाज न करता उभ्या राहत. कंडक्टर म्हणजे काय, हे पोरांना आधी समजावून सांगावं लागे. कुकरही मुके झाले होते; डाळ शिजली की मोबाइलवर निरोप यायचा. दोन्ही शिट्ट्या एकदमच बंद पडलेल्या. उल्हासराव सांगत खरे, पण सांगून सांगून त्यांच्याच तोंडात गोष्टीचा चोथा झाला होता.

अशात ते टोपडं आलं.

कंपनीनं त्याला मोठं भारदस्त नाव दिलं होतं, पण हनुवटीखाली बंद बांधायचा असल्यामुळं मराठी लेखकांनी त्याचं पहिल्याच दिवशी टोपडं केलं. ते बांधून एखादी जुनी आठवण काढायची. मग ती नुसती आठवायची नाही, अंगावर यायची. वास, उजेड, समोरच्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण, सगळं. लेखकांची चंगळ झाली. ज्याला जिनं सोडलं तो तिच्याकडं रोज सकाळी टोपडं बांधून जाऊन येऊ लागला आणि दुपारी लिहू लागला. दिवाळी अंकांत जिथं तिथं घटस्फोट. एका संपादकानं तर सुखी संसार असलेल्या लेखकांसाठी वेगळी स्पर्धा ठेवली. तिला प्रवेशिकाच आल्या नाहीत.

यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. आठवण म्हणजे ट्रंकेत ठेवलेला फोटो नव्हे. ती शाडूची मूर्ती. बाहेर काढली की ओली होते. काही तास ओलीच राहते, मग पुन्हा सुकते, आणि ती सुकण्यासाठी मेंदूला दरवेळी नवा माल, नवी प्रथिनं, वापरावी लागतात. ओली असताना तिच्यावर जे बोट लागेल त्याचा ठसा राहतो, जो कचरा पडेल तो चिकटतो. तुमच्याआमच्या आठवणी अशाच थोड्याथोड्या बदलत असतात. टोपडं मात्र मूर्ती नुसती ओली करत नाही, पार लगदा करतं. म्हणून तर तिच्यातलं सगळं पुन्हा हाताला लागतं.

कंपनीच्या सूचना स्पष्ट होत्या: वापरानंतर काही तास शांत खोलीत एकटे बसा आणि लिहा. ज्या देशात ते यंत्र झालं तिथले लेखक तसेच लिहीत असणार. मराठी मुलखात लेखक आपली गोष्ट शेकडो माणसांपुढं उभा राहून, माईक हातात धरून, तोंडानं सांगतो, हे त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

उल्हासराव विंगेत टोपडं बांधून बसायचे, वैजूला गाडीत बसलेली बघून यायचे, बंद सोडायचे आणि तसेच ओल्या डोक्यानं स्टेजवर जायचे. ‘शिट्टी’ पुन्हा जिवंत झाली. वैजूच्या पदराचा रंग, खिडकीच्या गजाचा गंज, तिच्या कपाळावरचा घाम, सगळं सांगण्यात येऊ लागलं. लोक आधीपेक्षा जोरात हसू लागले.

आणि ते हसू आत चिकटू लागलं.

*

ते त्यांच्या लक्षात आलं एका सकाळी, दाढी करताना.

खरं तर त्या संध्याकाळचा एक तुकडा उल्हासरावांनी कधीच कुणाला सांगितला नव्हता. तो त्यांचा एकट्याचा. गाडी सुटताना वैजयंतीनं गजावर कपाळ टेकलं होतं आणि ती रडत होती. हुंदके नाहीत, काही नाही. एखाद्या भिंतीतून पाणी पाझरावं तसं. गोष्टीत हे कुठं नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांनी ते कुपीतल्या अत्तरासारखं जपलं होतं. मधूनच कधीतरी काढायचं, जरा हळहळायचं आणि ठेवून द्यायचं. आपण अगदीच कोरडे नाही, याचा तो त्यांच्याकडचा पुरावा होता.

त्या सकाळी गालाला साबण असताना त्यांना ते आठवलं. गज, कपाळ, पाणी. आणि मागून प्रचंड हशा आला. पाचशे माणसांचा, टाळ्यांसकट.

त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

पुढं पुढं तो हशा बारीक होत गेला, तर त्यांना बरं वाटायला हवं होतं. उलट झालं. पाचशे माणसांचं हसू मेंदूनं ठेवायचं कुठं? त्या स्टँडवर माणसं होती तरी किती? म्हातारी होती, ती कोंबडीमागं. कंडक्टर होता, त्याच्या तोंडात शिट्टी. मग मेंदूनं ते सगळं हसू ज्याचं तोंड मोकळं होतं त्याच्या तोंडात घातलं. आता वैजयंती रडत होती आणि खिडकीखाली उभे राहून एकटे उल्हासराव हसत होते.

आपण खरंच हसलो होतो का?

नसणार. पण बशी धरून सासऱ्यांचे हात थरथरवले होते तो माणूसही आपणच ना? मग हसलेच असणार. त्यांना जेवण जाईना. चहाची बशी हातात धरवेना, कप थेट तोंडाला लावायला लागले. शेवटी त्यांनी कुठून कुठून नंबर मिळवला आणि गडहिंग्लजला फोन लावला. वैजयंतीची तिथं रोपवाटिका होती.

“हॅलो, वैजयंती?”

“बोलतेय. आंब्याची कलमं संपली, चिकूची आहेत.”

“मी उल्हास.”

“कुठले?”

“कोपर्डेकर.”

पलीकडं पाइपमधून पाणी पडत असल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

“हं. बोला.”

“मला तुझी माफी मागायचीय.”

“मागा की.”

“माफ कर मला.”

“कशाबद्दल?”

“सगळ्याबद्दल.”

“सगळ्याबद्दलची माफी लग्नपत्रिकेत असते. नजरचुकीनं निमंत्रण राहिल्यास क्षमस्व. मला तसली नको.”

“बाबांची मी नक्कल केली...”

“बाबांचं काढू नका. त्यांची माफी तुम्ही त्याच आठवड्यात पाया पडून मागितलीत, त्यांनी दिली. ते आता नाहीत. मी माझ्यापुरतं विचारतेय. मी गेले त्या संध्याकाळी तुम्ही काय केलंत, तेवढं एक सांगा. नेमकं. बरोबर सांगितलंत तर बघेन काय करायचं ते.”

“आणि चुकलं तर?”

“तर काय, तुमची गोष्ट आहेच. लोक हसतात.”

उल्हासरावांनी ओठ आवळले. ‘सगळ्याबद्दलची माफी लग्नपत्रिकेत असते’ हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात दोनदा म्हटलं होतं. पाठ झालं होतं. आपण हे आत्ताही करतोय, हे कळून त्यांच्या कानशिलांना चटका बसला.

“पुढच्या महिन्यात विट्याला माझा कार्यक्रम आहे,” ते म्हणाले. “शेवटचाच. तिथं सांगतो. सगळ्यांसमोर.”

“सगळ्यांसमोर सांगायची तुम्हाला सवयच आहे,” वैजयंती म्हणाली. “येते.”

*

डॉक्टर रुबीना मुजावर मूळच्या मिरजेच्या. पुण्यात त्यांची छोटी प्रयोगशाळा होती आणि टोपड्यामुळं बिघडलेले लेखक दुरुस्त करणं हे त्यांचं सध्याचं मुख्य काम. बाहेरच्या बाकावर दोन कवी आणि एक आत्मचरित्रकार वाट बघत बसले होते.

“काका, तुमची म्हशीची गोष्ट ऐकताना माझी अम्मी इतकी हसली होती की दळणाचा डबा पालथा झाला,” रुबीना म्हणाल्या. “बोला, काय चिकटलंय?”

उल्हासरावांनी सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

“घराची जुनी भिंत खरवडलीत कधी?” त्यांनी विचारलं. “आधी नवा रंग निघतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. आम्ही तेच करतो. टोपडं बांधून आठवण ओली करायची आणि ती सुकायच्या आत एक औषध द्यायचं. त्यामुळं वरचा ताजा थर पुन्हा बसतच नाही, गळून जातो. खालचे जुने थर पक्के असतात, ते राहतात. एका वेळी एक थर. पण गळून गेलेलं परत लावता येत नाही, हे आधीच सांगते.”

“आणि खाली भिंतच नसली तर?” उल्हासरावांनी सवयीनं टोला मारला.

“सहसा असते,” रुबीना म्हणाल्या.

पहिल्या खेपेला सभागृहाचा हशा गेला. टाळ्या गेल्या, कुणाचं तरी खोकणं गेलं. माईकची एक बारीक शीळ इतकी वर्षं स्टँडवर ऐकू येत होती, ती गेली. दुसऱ्या खेपेला कोंबडी गेली. उल्हासरावांना आश्चर्य वाटलं, कारण कोंबडी आपण कधी घातली हे त्यांना आठवत नव्हतं; ते तिला खरीच समजत होते. म्हातारी गेली. मग कंडक्टरची शिट्टी गेली आणि पाठोपाठ कंडक्टर. तिच्या पर्समधली कुकरची शिट्टीसुद्धा गेली. प्रत्येक वेळी त्यांना काहीतरी गमावल्यासारखं वाटलं आणि हलकंही वाटलं. जत्रा उठून जावी तसा तो स्टँड रिकामा होत होता.

तिसऱ्या खेपेनंतर गाडी, खिडकी, वैजयंती आणि खिडकीखाली हसणारे उल्हासराव, एवढंच राहिलं.

“हसतोय मी,” ते म्हणाले. “अजून हसतोय.”

रुबीना पडद्यावरच्या रेषा बघत होत्या. “काका, तिथं स्टँडवर अंगात काय आहे तुमच्या?”

“झब्बा. मोतिया रंगाचा, सिल्कचा.”

“तो घरी घालायचा?”

“छे! कार्यक्रमाचा तो. इस्त्री मोडेल म्हणून त्यात मी गाडीत टेकून बसायचोसुद्धा नाही.”

“बायकोला थांबवायला धावत गेलात ते कार्यक्रमाच्या झब्ब्यात?”

उल्हासरावांनी छातीवरून हात फिरवला, झब्ब्याची घडी नीट करावी तसा.

“दुसरं विचारते. तुम्ही खिडकीखाली उभे आहात. मग तुम्हाला तिचा चेहरा खालून दिसायला हवा. तसा दिसतो?”

“नाही. दोघंही दिसतो आम्ही. ती खिडकीत, मी खाली, पाठमोरा. झब्ब्याची पाठ घामानं चिकटलीय.”

“स्वतःची पाठ?” रुबीनांनी आवाज खाली आणला. “म्हणजे बघतंय कोण, काका? मी सांगू? तिसऱ्या-चौथ्या रांगेत खुर्ची टाकली, तर तिथून स्टेजवरचं असं दिसेल.”

बाहेर आत्मचरित्रकार कुणाशी तरी वाद घालत होता. खोलीतला पंखा फिरत होता.

“आता एक थर राहिलाय,” त्या म्हणाल्या. “तुमचं हसू नवं असलं तरी त्या थराला चिकटलंय. पण ते एकटं नाहीये. हसणारा माणूसही त्याच थरातला आहे. हसू काढायला गेले तर त्याच्याबरोबर तोही जाईल.”

“मग मागं काय राहील?”

“ते बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. तुम्हाला खरं हवंय म्हणून आलात ना?”

उल्हासरावांनी हनुवटीखालच्या बंदाला हात लावला. हसल्याची माफी मागता येते, त्यांना वाटलं. हसलो, चुकलो, नीच होतो. यात तीन वाक्यं आहेत, त्यांना सुरुवात आहे, शेवट आहे. त्याच्या खाली जे काही असेल त्याची माफी कशी मागायची? तिथं आपणच नसलो, तर मागायची कुणी?

तेव्हाच त्यांना पलूस आठवलं. का आठवलं कोण जाणे. पलूसच्या हायस्कूलचं पटांगण, संध्याकाळ, मोगऱ्याचा गजरा गुंडाळलेला माईक. त्यांनी ते तिथंच दाबलं.

“राहू द्या,” ते म्हणाले.

“काका, खरं काय ते मग कळायचं नाही.”

“कळलं की. मी हसलो.”

“हे तुम्हाला आठवलं नाही,” रुबीना म्हणाल्या. “हे तुम्ही ठरवलंत.”

उल्हासरावांनी टोपडं काढून टेबलावर ठेवलं आणि ते उठले. दारात त्यांचा हात क्षणभर कडीवर थांबला. रुबीना पुढच्या कवीला हाक मारत होत्या.

*

विट्याला जायच्या आधी आठवडाभर ते माफीची तयारी करत होते. तयारी हाच शब्द. दुसरा कुठला लावणार? आरशासमोर उभं राहून “मी हसलो” म्हणायचं. आधी हळू, मग जरा थांबून. ‘मी’ नंतर थांबलं तर जास्त लागतं, की ‘हसलो’ नंतर? एकदा मान खाली घालून बघितली, ते बरं वाटलं. मग आपण माफीतसुद्धा टाळीची जागा शोधतोय हे ध्यानात येऊन ते पलंगावर बसून राहत. आपल्यासारखा हलकट माणूस शोधून सापडायचा नाही, असं त्यांना वाटे. लगेच हेही वाटे, की हे वाक्य चांगलं आहे, घ्यावं.

विट्याचा जुना स्टँड कधीच पाडला होता. तिथं आता गाड्या चार्ज करायचा डेपो होता, आणि त्याच्या पलीकडं नवं सभागृह. उल्हासराव विंगेत पोचले तेव्हा सभागृह खच्चून भरलं होतं. शेवटचा कार्यक्रम म्हणून लांबलांबची माणसं आली होती. त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत नव्हती. दुसऱ्या रांगेत नव्हती. चौथ्या रांगेत कडेला एक पिकल्या केसांची बाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, बोटांच्या पेरांत माती काळवंडलेली. तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

टोपडं बॅगेत होतं. त्यांनी ते बाहेर काढलं नाही. मोतिया रंगाचा झब्बा मात्र अंगात होता. दुसरं काही घालायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

अध्यक्षांनी हार घातला. उल्हासराव माईकपाशी आले.

“आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” त्यांनी सुरुवात केली आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. “ज्याला जिथं खोटं सापडेल त्यानं तिथंच उभं राहून मोठ्यानं सांगायचं. गोष्ट तिथल्या तिथं बंद.”

“शिट्टी!” मागून कुणीतरी ओरडलं. “शिट्टी सांगा!”

“शिट्टीच सांगतोय. पण आज तीत कोंबडी नाही.” थोडा हशा पिकला. “म्हातारी नाही, कंडक्टर नाही. कुकरची शिट्टी कुणी नेली नव्हती, ती घरीच होती. एवढी वर्षं मी तुम्हाला फसवलं. माझी बायको या गावातून गेली ती माझ्यामुळं गेली. तिच्या घरातलं, तिच्या माहेरचं, तिनं अंधारात हळू आवाजात सांगितलेलं सगळं मी तुम्हाला विकलं. तुम्ही हसलात. तुमचा दोष नाही. मीच हसवत होतो.”

काही माणसं अजून हसायच्या तयारीत होती, कोपर्डेकर आता कुठून कोलांटी मारतात ते बघत.

“त्या संध्याकाळी ती स्टँडवर गेली. मी मागोमाग धावलो.” उल्हासरावांचा आवाज त्यांना स्वतःलाच फार चांगला वाटला. भरदार. जरासा फाटलेला, हवा तिथं. “गाडी सुटायला आली होती. ती खिडकीत बसली होती. तिनं गजावर कपाळ टेकलं होतं आणि ती रडत होती. मी खिडकीखाली उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर ती उतरली असती. आणि मी...”

ते थांबले. ‘मी’ नंतरच.

“मी हसलो.”

पुढं सगळं ठरलेलं होतं. मान खाली घालायची, थांबायचं, मग तिच्याकडं बघून माफी मागायची. त्यांनी मान खाली घातली. सभागृहात कुणीतरी चुकचुकलं. एका बाईनं नाक पुसलं.

“खोटं!”

मान वर करायच्या आधीच त्यांनी तो आवाज ओळखला.

चौथ्या रांगेतली बाई उभी राहिली होती. एका हातानं तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती, दुसऱ्या हातात पिशवी. क्षणभर सगळे तिच्याकडं बघत राहिले. मग कुणाला तरी वाटलं, कोपर्डेकरांनीच पेरलेली आहे, शेवटच्या कार्यक्रमाची गंमत. एक जण हसला. त्याच्यामागं दुसरा. बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं, टाळ्या वाजायला लागल्या. उल्हासराव माईकपाशी ओल्या मातीसारखे उभे होते आणि ते हसू त्यांच्यावर पडत होतं.

वैजयंती घाईत नव्हती. ती वाट बघत उभी राहिली. तिला वाट बघायची सवय असावी. हळूहळू हसणारे खजील होऊन एकेक करून गप्प झाले. शेवटी वरच्या पंख्यांचा आवाज तेवढा राहिला.

“रडत होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” ती म्हणाली. तिच्यापाशी माईक नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “पलूसला कार्यक्रम होता तुमचा. तो आटपून स्टँडवर येतो म्हणालात. मी तीन गाड्या सोडल्या.”

तिनं पिशवी खांद्याला अडकवली.

“हसायला तरी यायचं होतं.”